तारांवर गंज नाही

निवृत्त होऊन साहेबांना पुरते वीस दिवसही झाले नव्हते, आणि घरात त्यांच्या वाट्याला आलेलं हे पहिलं खरंखुरं काम होतं. गाड्यांच्या विम्याचे सर्व्हेअर म्हणून बत्तीस वर्षं त्यांनी चेपलेले दरवाजे आणि फुटलेले दिवे यांचे फोटो काढले होते. ऑफिसात त्यांना सगळे साहेब म्हणत. घरी बायकोही म्हणे, पण तिच्या म्हणण्यात आदर कमी आणि चिमटा जास्त.

"साहेब, माझी गिटार विकायचीय," ती सकाळी म्हणाली. "चांगले फोटो काढून ऑनलाइन टाका. रविवारच्या आत घराबाहेर गेली पाहिजे."

लग्नानंतर तिच्या कपड्यांच्या पेटीबरोबर ही गिटार घरात आली होती, आणि संगीतातलं ओ की ठो कळत नसलं तरी ती भिंतीवर असली की साहेबांना बरं वाटे. "असू दे की," ते म्हणाले.

"अहो, नऊ वर्षांत हात लागलाय का तिला कुणाचा? नुसती अडगळ."

साहेबांनी कॅमेरा काढला.

पहिल्याच फोटोत फ्लॅशचा पांढराफटक डाग उमटला, आणि त्याखाली चकाकत्या लाकडात खुद्द साहेबांची ढेरी. मग त्यांनी फ्लॅश बंद केला, पलंग खिडकीजवळ ओढला, पडदा अर्धा लावून उजेड एका बाजूने घेतला आणि बिनफुलांची करडी चादर अंथरली. समोरून एक, पाठीमागून एक, मानेचा, तारा पिळायच्या खुंट्यांचा. तिरप्या उजेडात लाकडाच्या रेषा अशा उठून दिसल्या की साहेब स्वतःवरच खूश झाले. मग ते आपल्या आवडत्या भागाकडे वळले. प्रत्येक ओरखड्याशेजारी फुटपट्टी ठेवून त्यांनी अगदी जवळून फोटो घेतले. सगळे मिळून एकतीस.

बायकोने ते बघितले आणि कपाळाला हात लावला. "अहो, गिटार विकायचीय, क्लेम नाही करायचा. हे बघून लोक सांत्वनाला येतील."

"घेणाऱ्याला आधी दिसलेलं बरं. मागाहून कटकट नको."

"बरं. खाली लिहा, नऊ वर्षं वापरात नाही."

साहेबांनी लिहिलं. पण लिहिलेलं फोटोशी ताडून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही बत्तीस वर्षांची खोड. त्यांनी तारांचा फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. कुठला गंज किती दिवसांचा हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. इथे तर गंजच नव्हता.

"शेवटची कधी वाजवली होतीस?" त्यांनी कामावरच्या आवाजात विचारलं.

"सांगितलं ना," म्हणत ती घडी घातलेल्या टॉवेलची पुन्हा घडी घालू लागली. खोटं सांगणारे गाडीमालकही असंच काहीतरी हातात घ्यायचे.

"तारांवर गंज नाही."

"पुसल्या असतील मी."

"अगं, या तारा फार तर चार-सहा महिन्यांच्या आहेत." साहेबांनी तिचा डावा हात हातात घेतला. बोटांची टोकं टणक झाली होती. इतक्या वर्षांत हा हात किती वेळा धरला होता, आणि हे एकदाही लक्षात आलं नव्हतं.

तिने हात सोडवून घेतला नाही. "तुम्ही कामावर गेलात की वाजवायचे. रोज दुपारी."

"मग आता काय झालं?"

"आता तुम्ही घरी असता."

नळाला पाणी नाही असं सांगावं तितक्या सहज ती म्हणाली. मग तीच पुढे बोलली, "नऊ वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर म्हणाला होतात, आमच्याकडे डासांचं औषध आणावं लागत नाही, हिची गिटार पुरते. सगळे हसले. मीपण हसले."

साहेबांना आठवलं. हशा चांगला पिकला म्हणून त्यांनी तोच विनोद त्या संध्याकाळी तीनदा सांगितला होता. आता मात्र कुठे तोंड लपवावं ते त्यांना कळेना.

"माझं चुकलं," ते म्हणाले. उभ्या संसारात त्यांच्या या वाक्यापुढे पहिल्यांदाच 'पण' आला नाही. त्यांनी जाहिरात पुसली, एकतीस फोटोंसकट. "रोज दुपारी मी बाहेर जात जाईन."

"उन्हात कुठे भटकणार?"

"बत्तीस वर्षं भटकलोच की."

"कुणी ऐकतंय म्हटलं की माझी बोटं अडखळतात हो."

"म्हणून तर जातो."

तीन वाजता साहेबांनी चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि बाहेर तसेच उभे राहिले. मोह आवरेना.

"अहो," आतून आवाज आला, "जिना उतरल्याचं ऐकू आलं नाही."

साहेब निमूटपणे, चपला मुद्दाम वाजवत उतरू लागले. एक मजला खाली पोचतात तोच वर दार उघडल्याचा आवाज झाला. काहीतरी आणायचं आठवलं असेल म्हणून ते कठड्याला धरून हाकेची वाट बघत थांबले. हाक आली नाही, आणि दार लागलंही नाही. थोड्या वेळाने एक तार वाजली, मग दुसरी. मग एक धून सुरू झाली, मध्येच अडखळली आणि पुन्हा पहिल्यापासून निघाली.

साहेबांनी चपला काढून हातात घेतल्या आणि ते तिथेच पायरीवर बसले.