बारा सेकंदांची बातमी

लिफ्ट दुरुस्तीच्या कामात मेस्त्रीची बावीस वर्षं गेली, पण सलग चार दिवसांची सुट्टी त्यानं कधी घेतली नव्हती. या वेळी बायकोनं त्याला अक्षरशः ओढून नेलं. आठ महिन्यांपूर्वी त्याचा जोडीदार लिफ्टच्या खड्ड्यात काम करताना वरून लिफ्ट आल्यानं जागच्या जागी गेला होता. तेव्हापासून मेस्त्रीचं जेवण तुटलं होतं, बोलणं तर त्याहून. बायकोला वाटायचं, दुःख आहे, हवापालट झाला की उतरेल.

तळ्याकाठच्या त्या विश्रामगृहात हंगाम नसल्यामुळे दोनच खोल्या लागल्या होत्या. भिंतींना ओल होती आणि स्वयंपाकघर सगळ्यांना मिळून एकच. पहिल्या सकाळी बायको चहा करायला गेली, तर ओट्याशी साठीच्या आसपासची एक बाई बटाटे सोलत उभी होती. अंगात कोपरावर विरलेला स्वेटर, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा.

"डावीकडची शेगडी जरा हट्टी आहे," ती मान वर न करता म्हणाली. "दोनदा पेटवावी लागते."

बायकोच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तो आवाज ती तीस वर्षं रोज संध्याकाळी रेडिओवर ऐकत आली होती. पूर असो, निवडणूक असो, कुणी मोठं माणूस गेलेलं असो, घराघरात आधी हाच आवाज पोचायचा. ती उलट्या पावली खोलीत धावली.

"अहो, उठा! बातम्यांच्या बाई! आपल्या स्वयंपाकघरात बटाटे सोलतायत!"

बातम्यांच्या बाई गेल्या वर्षअखेरीस निवृत्त झाल्या होत्या. एकट्याच आल्या होत्या. आपले कपडे आपणच धुवायच्या, दोरीवर वाळत घालायच्या आणि वारा सुटला की चिमटे शोधत फिरायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बायकोला कांदा चिरायला बसवलं आणि मेस्त्रीला म्हणाल्या, "तुम्ही लिफ्टवाले ना? मग या खिडकीची कडी बघा. दोन दिवस माझ्याशी भांडतेय."

मेस्त्रीनं कडी बसवून दिली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यानं कामाव्यतिरिक्त पान्याला हात लावला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं मिळून जेवले. बायकोची भीड आता पार चेपली होती. "ताई, एकदा तो आवाज काढा ना."

बाईंनी पाठ ताठ केली, चष्मा चढवला आणि बाजाराची यादी हातात घेतली. "नमस्कार. आजच्या ठळक बातम्या. टोमॅटो अर्धा किलो. अंडी संपल्यामुळे स्वयंपाकघरात चिंतेचं वातावरण."

बायको हसता हसता टेबलावर पडली. मेस्त्रीच्याही ओठांची कड हलली. आणि त्या हसण्याच्या भरातच बायको म्हणाली, "ताई, आमची पण बातमी वाचलीये तुम्ही!"

"तुमची?"

"म्हणजे ह्यांच्या जोडीदाराची. तो गेला ना, त्याची. मला पाठ आहे." तिचा आवाज खाली आला. "'लिफ्ट दुरुस्तीचं काम सुरू असताना एका कामगाराचा मृत्यू. मृत कामगाराच्या हलगर्जीपणामुळे अपघात झाल्याचं प्राथमिक चौकशीत निष्पन्न.' एवढीच."

बाईंनी कागद खाली ठेवला. थोडा वेळ त्या आठवत राहिल्या.

"खोटं नाही बोलणार," त्या म्हणाल्या. "मला आठवत नाही. अशा बातमीला बारा सेकंद असतात. वाचायची, पान उलटायचं, पुढची."

मेस्त्री ताटावरून उठला आणि हात न धुताच बाहेर गेला.

तासाभरानं बाई तळ्याकडे आल्या, तेव्हा तो बंद पडलेल्या होडीच्या धक्क्यावर बसला होता. त्या शेजारी बसल्या आणि गुडघे दुखतात म्हणाल्या. मेस्त्रीच बोलायला लागला. पाण्याकडे बघत बोलला.

"हलगर्जीपणा त्याचा नव्हता, मॅडम. माझा होता. खाली माणूस खड्ड्यात उतरला की वरच्या मशीनच्या खोलीत मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप लावायचं आणि किल्ली खालच्या माणसाच्या खिशात द्यायची. त्याच्याशिवाय कुणी कुलूप उघडूच शकत नाही. हा नियम मीच पोरांना शिकवायचो. त्या दिवशी म्हटलं, पाच मिनिटांचं तर काम. कुलूप लावलंच नाही. इमारतीचा मॅनेजर डोक्यावर उभा होता, लोक खोळंबलेत म्हणून. मी नऊ मजल्यांवरून हाक मारली, 'आलास का बाहेर?' उत्तर आलं नाही. मला वाटलं, उत्तर नाही म्हणजे आला असेल. स्विच चालू केला."

बाईंनी विचारलं, "आणि चौकशीत?"

"सांगितलं, त्यानंच खालून 'चालू कर' म्हणून ओरडून सांगितलं. कुलूप नको, असंही तोच म्हणाला." मेस्त्रीनं धक्क्यावरचा एक खडा पाण्यात टाकला. "कंपनीच्या साहेबांनाही तेच बरं होतं. त्यांनी विचारलंच नाही काही. मग संध्याकाळी तुम्ही वाचलंत. तुमच्या तोंडून ऐकलं आणि वाटलं, झालं, आता हेच खरं."



"माझ्याकडे माफी मागू नका," बाई म्हणाल्या. "मी कोण देणारी? लोकांना वाटतं, मी सांगितलं म्हणजे खरं. माझ्यापुढे कागद यायचा. तुम्ही बोललात, कुणी लिहिलं, मी वाचलं. तुमचं खोटं मी घरोघर नेऊन पोचवलं, आणि मला ते आठवतही नाही. हे मला आज रुतलं, ते माझं मी बघेन. बायकोला सांगितलंय?"

"नाही."

"मग उठा. मी येत नाही बरोबर. हे माझ्यादेखत करू नका."

बायको खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. हातातली घडी मात्र तिनं चार वेळा मोडली आणि चार वेळा घातली.

"दर रविवारी मी त्याच्या घरी वहिनींकडे जाते," ती म्हणाली. "त्या त्याच्यावर चिडतात. म्हणतात, आम्हाला टाकून गेला, स्वतःच्या चुकीनं गेला. आणि मी त्यांची समजूत काढते. चूक माणसाकडूनच होते, त्याला माफ करा म्हणते. आठ महिने. माझ्या तोंडून तुम्ही मेलेल्या माणसाला माफी द्यायला लावलीत."

सुट्टीचे दोन दिवस बाकी होते. त्याच दुपारच्या गाडीनं ते निघाले. बाईंनी एक पिशवी स्वतः उचलून थांब्यापर्यंत आणली. बायकोला जवळ घेतलं, मेस्त्रीकडे बघून नुसती मान हलवली. गाडीत दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले.

दुसऱ्या सकाळी मेस्त्री जोडीदाराच्या घरी गेला. बायको बरोबर होती, पण दारातच थांबली. वहिनी शिवणयंत्रावर होत्या. "या भावजी, किती दिवसांनी," म्हणत त्यांनी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

सांगून झालं तेव्हा वहिनींचा पाय यंत्राच्या पायडलवरच होता. त्यांनी एकच विचारलं.

"त्यानं हाक दिली होती का?"

"नाही. मी दिली. त्याला ऐकू गेली की नाही, मला माहीत नाही."

"म्हणजे तो काहीच बोलला नाही."

"नाही."

वहिनी उठल्या. भिंतीवर फोटोसाठी खिळा ठोकलेला होता, पण फोटो नव्हता. रागानं त्यांनी तो कधी लावलाच नव्हता. त्या खिळ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "मुलीला मी सांगत आले, बापासारखी बेफिकीर होऊ नकोस. येता-जाता सांगत आले." मग शिवणाच्या मापांच्या वहीतला एक कोरा कागद फाडून त्यांनी पुढे टाकला. "लिहून द्या. आणि तुम्ही परत येऊ नका."

त्यानं लिहून दिलं. तेच पुढे चौकशीच्या अधिकाऱ्यासमोर पुन्हा लिहिलं आणि पोलिसांसमोर तिसऱ्यांदा. परवाना गेला, कामावरून काढलं, खटला उभा राहिला. साहेब म्हणाले, आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. बातम्यांच्या बाईंनी जुन्या कचेरीत जाऊन दुरुस्ती वाचायला सांगितली. इतक्या जुन्या गोष्टीची आता कुणाला पडलीये, असं त्यांना सांगण्यात आलं. मग त्यांनी वहिनींना स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं: मी तुमच्या नवऱ्याबद्दल चुकीचं वाचलं. वहिनींनी ते मुलीला मोठ्यानं वाचायला लावलं, असं बायकोच्या कानावर आलं.

बायको अजूनही रविवारी तिकडे जाते. पहिले तीन रविवार वहिनींनी दार उघडलं नाही, चौथ्या रविवारी उघडलं. तिथं काय बोलणं होतं, ते ती घरी सांगत नाही. मेस्त्री विचारत नाही. ती आली की तो ताट वाढतो, दोघं समोरासमोर बसून जेवतात आणि तारखेच्या दिवशी ती त्याच्याबरोबर कोर्टात जाते. बाकावर मात्र एक जागा सोडून बसते.