मागे धरलेला आरसा

निवांतने चादर झटकली, जाकीटवाल्याच्या गळ्याभोवती गुंडाळली आणि मागे गाठ मारता मारता टेबलाकडे नजर टाकली. कंगव्यांचा पेला आणि पावडरचा डबा यांच्या मधोमध करार ठेवलेला होता. दोन पानं, वर पेन.

"सही करून टाका ना आधी," जाकीटवाला म्हणाला. "मग कापा निवांत."

शेजारच्या खुर्चीवर निवांतचा थोरला भाऊ एका म्हाताऱ्याची दाढी करत होता. तो हसला. "त्याला वेगळं सांगायला नको, साहेब. तो तसाच कापतो."

निवांतचं खरं नाव कधीच मागे पडलं होतं. इतकं सावकाश केस कापणारा माणूस सबंध गावात नव्हता. निवांतकडे जायचं तर घरी सांगून जा, जेवण झाकून ठेवायला लावा, अशी गिऱ्हाइकं थट्टा करत आणि तरी त्याच्याच खुर्चीसाठी खोळंबून राहत. वीस वर्षं तो असा उभा होता. उभं राहून राहून पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या आणि डॉक्टरांनी बजावलं, उभ्याचं काम पुरे झालं, आता बसून करायचं काहीतरी बघा. "आयुष्यभर लोकांना खुर्चीत बसवलं," त्या दिवशी घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "आता मला कोण बसवणार?"

बसवायला चक्क दोन कंपन्या तयार झाल्या. ट्रक चालवायला शिकवायचा खर्च कंपनीचा. बदल्यात शिकून झालं की दोन वर्षं त्यांचीच गाडी चालवायची. मध्येच सोडलं तर तो सगळा खर्च भरून द्यायचा. पदरचे पैसे घालून शिकणं निवांतच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि बेचाळिसाव्या वर्षी एकदा चुकीच्या जागी बांधून घेतलं की पुन्हा कोण विचारतंय? म्हणून गेला आठवडाभर तो रात्री उठून दोन्ही कंपन्यांचा हिशेब मांडत बसे.

पहिली कंपनी मोठी, जाकीटवाल्याची. पंधरा दिवसांत लायसन्स, सोळाव्या दिवशी गाडी. जाकीटवाला तिथला ड्रायव्हर, आणि फेऱ्यांमधून वेळ मिळेल तेव्हा नवी माणसं गोळा करायचं कामही त्याच्याच गळ्यात. छातीवर कंपनीचं नाव शिवलेलं निळं जाकीट घालून तो फिरे, म्हणून हे नाव. त्याने निवांतला आवारात नेऊन ट्रक मागे घ्यायला लावला होता. टेम्पो चालवायची सवय निवांतला होतीच. त्याने दोन्हीकडच्या आरशांत बघत ट्रक एका दमात रांगेत नेऊन लावला. जाकीटवाल्याने टाळी वाजवली.

"नवशिक्यांना आरसा बघायला शिकवण्यात आमचे चार दिवस जातात, आणि तुम्ही शिकूनच आलात की!"

शिकून कसलं? गिऱ्हाईक बोलणार आरशात, हसणार आरशात, केस फार गेले म्हणून तोंड वाकडं करणार तेही आरशातच. निवांतने वीस वर्षं दुसरं बघितलं काय होतं? त्या दिवशी तो घरी आला तो छाती पुढे काढूनच.

दुसरी कंपनी लहान, आणि शिकवणी सहा आठवड्यांची. शिकवायला एक मावशी. तीस वर्षं ट्रक चालवून कंबर गेलेली, आता आवारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ओरडणारी. तिच्यासमोरही निवांतने तस्साच ऐटीत ट्रक मागे घेतला आणि कडाकड आवाज झाला. उतरून बघतो तर चाकाखाली लाल बादलीचा पार चेंदामेंदा.

"आरशात नव्हती," तो म्हणाला.

"नसणारच. आरशात दिसत नाही तिथेच ठेवते मी. मागे घ्यायच्या आधी खाली उतरून बघायचं, दर वेळी. धंदा काय तुझा?"

"केस कापतो."

"मग शेवटी गिऱ्हाइकाच्या मानेमागे छोटा आरसा कशाला धरतोस रे? समोर एवढा थोरला असतो ना?"

शिकायला आलेली माणसं खो खो हसली. निवांतच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बादलीची ही गोष्ट त्याने बायकोला तेवढी सांगितली, भावालासुद्धा नाही. बायको आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "अहो, तुमचं तुम्ही ठरवा. मला त्या ट्रकमधलं ओ की ठो कळत नाही. फक्त गेलात तसे घरी या, एवढं बघा."

त्याने ठरवलं होतं, जाकीटवाल्याकडेच जायचं. मोठ्या कंपनीची भरती आज संध्याकाळी बंद होणार होती आणि जाकीटवाला भरदुपारी स्वतः करार घेऊन आला होता. एवढा मान दुसरं कोण देणार?

"केस झाले की करतो सही," निवांत म्हणाला. "हात ओले आहेत, कागद भिजेल."

त्याने बाटलीतून पाणी उडवलं, कंगवा फिरवला, कानामागून कात्री धरली. चार-पाच वेळा कात्री वाजली असेल नसेल, जाकीटवाल्याची मान पुढे कलंडली. निवांतने सवयीने दोन बोटं हनुवटीखाली धरून ती सावरली आणि आरशातून भावाकडे बघत भुवया उडवल्या. त्या कंपनीचे ड्रायव्हर त्याच्या खुर्चीत नेहमी असेच झोपत. चादरीची गाठ बसायचा अवकाश, की घोरायला सुरुवात. हाताचा गुण आहे, तो सगळ्यांना सांगे, माझ्या हाताखाली डोळा लागतोच माणसाचा.

आज मात्र बोटं हनुवटीखालून निघेनात. डोकं नुसतं कललं नव्हतं, दगडासारखं जड झालं होतं. मानेच्या शिरा झोपेतही ताठच होत्या. आणि म्हातारा इथे दर महिन्याला येतो, पोस्टातला कारकून येतो, शाळेतले मास्तर येतात. ते कुठे झोपतात?

तेवढ्यात बाहेर रस्त्यावर कुणीतरी जोरात हॉर्न दिला.

जाकीटवाला ताडकन ताठ झाला. चादरीखाली दोन्ही हात वर आले आणि नसलेलं स्टिअरिंग त्यांनी गच्च धरलं. उजवा पाय खुर्चीच्या पट्टीवर इतक्या जोरात आपटला की टेबलावरचा पेला कलंडला आणि कंगवे जमिनीवर विखुरले. पाय तसाच दाबलेला होता. डोळे उघडे होते, पण समोर आरसा आहे हे त्यांना कळत नव्हतं.

म्हाताऱ्याच्या गालावर वस्तरा थांबला होता.

"दुकान आहे, साहेब," निवांत हळूच म्हणाला. "माझं दुकान. कात्रीच आहे ही."

जाकीटवाल्याने हात खाली घेतले. निवांतने उरलेले केस कापले, कल्ले सारखे केले, मानेवर पावडर मारली. मग छोटा आरसा काढून त्याच्या डोक्यामागे धरला. हेही सवयीनेच.

"मागचं ठीक आहे का?"

एरवी गिऱ्हाइकं बघितलं न बघितलं करून मान हलवतात. जाकीटवाला बराच वेळ बघत राहिला. मग उठला, अंगावरचे केस झटकले, पावडरच्या डब्याखाली पैसे सरकवले आणि करार उचलून चार घड्या घालून जाकिटाच्या खिशात टाकला.

"साहेब, सही राहिली," निवांत म्हणाला.

"कसली सही? मी आलो तेव्हा दुकान बंद होतं. ऑफिसात तसंच सांगणार आहे."

"बंद कुठलं? उघडंच तर," म्हातारा फेसातून म्हणाला, आणि थोरल्याने त्याच्या तोंडावर टॉवेल दाबला.

दारात जाकीटवाला घुटमळला. "ते सहा आठवडेवाले आहेत ना, त्यांच्याकडे जा," तो म्हणाला, आणि मागे न बघता पायऱ्या उतरून गेला.

निवांतला सगळंच सावकाश कळे. खाली वाकून एक एक कंगवा गोळा करताना त्याला उमगलं, हाताचा गुण वगैरे काही नव्हता, ही माणसं झोपेविना गाड्या हाकत होती. आभाराचा शब्द तोंडात आला तोवर रस्त्यावर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नवी लाल बादली घेऊन मावशीच्या आवारात हजर झाला.

"ही कशाला?" मावशीने विचारलं.

"मोडली होती ना."

"आणि परत मोडलीस तर?"

"परत आणीन. पण शिकवा मला."

मावशीने बादली हातात घेऊन वरखाली न्याहाळली. "जाड आणलीयेस," ती म्हणाली, आणि वहीत त्याचं नाव लिहिलं.

सहा आठवड्यांत तो किती वेळा उतरला आणि चढला याला गणती नाही. पुढे गाडी मिळाली तरी सवय सुटली नाही. माल उतरवायच्या जागी मागची माणसं हॉर्न वाजवत, शिव्या घालत, आणि निवांत आपला खाली उतरून ट्रकला वळसा घालून येई. एकदा मागच्या चाकाशी एक माणूस बुटाची नाडी बांधत बसलेला सापडला. त्या दिवशी निवांत गाडीत चढायच्या आधी आणखी एक वळसा घालून आला. तेव्हापासून दर वेळी उतरताना तो मनातल्या मनात जाकीटवाल्याला हात जोडायचा. त्या माणसाने स्वतःच्या कंपनीशी खोटं बोलून आपल्याला वाचवलं, हे तो बायकोला पुन्हा पुन्हा सांगे. बायको म्हणे, "मला काय सांगताय, त्याला सांगा की."

तो योग आला चार महिन्यांनी. सुट्टीच्या दिवशी निवांत दुकानात गप्पा मारायला आला होता. शिरा उतरल्या होत्या, पोट थोडं सुटलं होतं. तेवढ्यात दारात एक माणूस उभा राहिला. अंगात जाकीट नव्हतं, साधा सदरा होता, म्हणून ओळखायला क्षणभर लागला. केस कानांवर आले होते.

"ही खुर्ची रिकामीच आहे का अजून?" त्याने विचारलं.

"तुमच्यासाठी आहे," निवांत म्हणाला आणि खुंटीवरची चादर ओढली. "साहेब, त्या दिवशी तुम्ही... मला नीट बोलताही आलं नाही. तुमचे उपकार—"

"बास, बास. कापा."

निवांतने गाठ मारली, पाणी उडवलं. जाकीटवाल्याने डोळे मिटून घेतले होते.

"मावशी अजून बादली ठेवते का?"

कात्री हवेतच थांबली. बादलीचं निवांतने या माणसाला कधीच सांगितलं नव्हतं.

"ठेवतात," तो म्हणाला. "लाल आहे."

"माझ्या वेळी हिरवी होती. सहा आठवडे कोण काढणार, म्हणून चौथ्या दिवशी पळालो मी."

निवांतने एका बाजूचे केस कापून संपवले. मग म्हणाला, "नव्या लोकांना उद्या सकाळी घेतायत. मी येतो बरोबर. वाटेत बादली घेऊ."

जाकीटवाल्याची मान पुढे कलंडली होती. निवांतने दोन बोटं हनुवटीखाली धरली. पोटऱ्या भरून यायला लागल्या, पण तो हलला नाही. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पायऱ्या चढून दारात आलं. निवांतने मोकळ्या हाताने त्याला खूण केली, दुकान बंद आहे.