प्रवेशिका क्रमांक एकशे चौदा

“नावं आहेत ना नकाशावर? मग बाद. त्यात मला काय विचारायचं?” साहेब फायलीतून मान वर न काढताच म्हणाले.

टेबलासमोर उभ्या असलेल्या कारकूनबाईंनी हातातला मोठा नकाशा खाली ठेवला नाही. “साहेब, ही स्पर्धकाची नावं नाहीत. मेलेल्या माणसांची आहेत.”

“मेलेल्यांची असोत, नाहीतर अजून जन्माला यायच्यांची असोत. नियम नऊ. तुम्हीच लिहिलाय ना तो?”

लिहिला होता. तेच तर दुखणं होतं.

सरकारला पूल, वाचनालय, सभागृह असलं काही बांधायचं असलं आणि त्यासाठी वास्तुविशारदांची स्पर्धा घ्यायची असली, की सगळे नकाशे आधी बाईंच्या टेबलावर यायचे. चौतीस वर्षं हेच चाललं होतं. नकाशा मोजायचा, त्यावर नंबर घालायचा, नावाचं बंद पाकीट कपाटात ठेवायचं आणि नुसता नंबर परीक्षकांकडे पाठवायचा. कागद दोन मिलिमीटरने मोठा भरला तरी बाई तो परत करत. लोक हात जोडत, रडत, मंत्र्याचा फोन आणीन म्हणून दम देत. बाई ढिम्म हलत नसत. ऑफिसात त्यांना पाठीमागे फूटपट्टीबाई म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. मनातून त्यांना ते आवडायचंही.

नियम नऊची गंमत अशी, की एकोणीस वर्षांपूर्वी एका महाभागाने बाजाराच्या नकाशात एका दुकानाच्या पाटीवर बायकोचं नाव घातलं होतं. परीक्षक त्याचे साडू. मेव्हणीचं नाव ओळखलं आणि नंबर देऊन मोकळे झाले. केवढा बोभाटा झाला! तेव्हा बाईंनीच बसून नियम पक्का केला होता: ‘नकाशावर कोणत्याही व्यक्तीचे कोणतेही नाव आढळल्यास प्रवेशिका बाद.’ कुणाला पळवाट म्हणून ठेवली नव्हती. आज त्याच नियमात त्यांची स्वतःची मान अडकली होती.

या वेळची स्पर्धा स्मारकाची होती. चाळीस वर्षांपूर्वी जिथे अणुबाँबची चाचणी झाली, त्या माळावर स्मारक उभारायचं होतं. बाँबचं स्मारक म्हणजे नेमकं कशाचं, हे कुणी विचारू नये. माहितीपुस्तिकेत ‘सामर्थ्य आणि शांततेचा संगम’ असं लिहिलं होतं. तीनशे गाड्यांचा तळ, उपाहारगृह, फोटो काढायला उंच ओटा, सगळं सगळं मागितलं होतं. मेलेल्या माणसांबद्दल एक अक्षर नव्हतं. पुस्तिका वाचून वाटावं, की तो बाँब फुटला आणि कुणाला साधी शिंकही आली नाही.

एकशे तेरा स्पर्धकांनी त्याबरहुकूम घुमट, ज्योती, पंख पसरलेली कबुतरं पाठवली होती. एकाने तर संगमरवरात तो ढगच उभा केला होता, वर जायला लिफ्टसकट.

एकशे चौदा नंबरच्या नकाशात उंच असं काहीच नव्हतं. माळावर गाड्या धुण्यासाठी बांधलेला सिमेंटचा एक जुना उतार आहे. चाचणीनंतर धुळीने माखलेले ट्रक तिथे अकरा दिवस पाइप लावून धुतले गेले. या स्पर्धकाने तो उतार आहे तसाच ठेवला होता. फक्त खालच्या नालीच्या तळाशी एक्केचाळीस दगड बसवले होते आणि प्रत्येक दगडावर ट्रक धुणाऱ्या एकेका माणसाचं नाव. वाचायचं तर माणसाला वाकावं लागणार. सोबतच्या टिपणाची शेवटची ओळ होती: ‘नावे कोरायची नसतील, तर हे बांधू नये.’

एकविसावं नाव बाईंच्या दादाचं होतं.

दादा पाण्याचा टँकर चालवायचा. अकरा दिवस उघड्या हातांनी त्याने पाणी मारलं. घरी आला तो हसतच, केसांतून पिवळी धूळ झटकत. दोन वर्षांनी हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, मग नाकातून, मग कुठून कुठून. एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. दाखल्यावर डॉक्टरांनी ‘अशक्तपणा’ लिहिलं. टँकरचं चाक एकट्याने उचलून लावणारा माणूस अशक्तपणाने मेला म्हणे!

“साहेब,” बाई म्हणाल्या, “नियमाचा हेतू स्पर्धक ओळखू येऊ नये एवढाच होता. मी लिहिलाय, मला माहीत आहे.”

“हेतू कोर्टात सांगा. कागदावर ‘कोणत्याही व्यक्तीचे’ आहे.” साहेबांनी पेन बंद केलं. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, आवाज मऊ झाला. “असं करा. पांढरी चिकटपट्टी लावा नावांवर. टिपणाखाली कुणाची चुकून सही राहिली तर आपण लावतोच की. परीक्षकांपुढे जाऊ दे. निकाल लागला की काढू पट्ट्या.”

“नक्की काढायच्या?”

“काढू म्हटलं ना.”

संध्याकाळी घरी बाईंनी हे वहिनींना सांगितलं. दादा गेल्यापासून नणंद-भावजय एकत्रच राहत होत्या. बाईंनी लग्न केलं नाही आणि वहिनींनी पुन्हा केलं नाही. वहिनी भाजी चिरत होत्या. त्यांची सुरी थांबली.

“म्हणजे वन्सं, तुम्ही तुमच्याच हाताने तुमच्या भावाचं नाव झाकणार?”

“निकालापुरतंच हो. साहेबांनी शब्द दिलाय.”

“साहेबांचा शब्द!” वहिनींनी उरलेली भाजी खसाखसा चिरून टाकली. “साधी धूळ आहे म्हणून तुमच्या दादांनाही साहेबानेच सांगितलं होतं.”

वहिनींचं चुकत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी तीन अर्ज केले होते. नवरा त्या कामावर होता, एवढं सरकारने कबूल करावं, बाकी काही मागितलं नव्हतं. तिन्ही वेळा दोन ओळींचं उत्तर आलं: ‘सदर ठिकाणी अशा नावाची व्यक्ती कामावर असल्याची नोंद आढळत नाही.’ तिसऱ्या वेळी तर दुसऱ्याच उत्तराची झेरॉक्स काढून तारीख बदलून पाठवली होती. माणूस खोटा, रक्त खोटं, बायको खोटी. खरी काय ती नोंद.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पट्ट्या लावल्या. एक्केचाळीस. फूटपट्टीने मापून सारख्या कापल्या, कारण वेडंवाकडं काम त्यांना जमतच नसे. एकविसावीही तशीच मापून लावली. हे परीक्षकांसमोर तरी पोचलं पाहिजे, त्या स्वतःला बजावत राहिल्या.

परीक्षक तिघं होते. मुख्य परीक्षक म्हणजे ज्यांच्या इमारतींचे फोटो पुस्तकांत छापून येतात असे बडे गृहस्थ. त्यांनी घुमट आणि कबुतरं दहा मिनिटांत निकालात काढली आणि एकशे चौदापाशी येऊन उभे राहिले ते राहिलेच.

“वा!” ते म्हणाले. “या कोऱ्या जागा पाहिल्यात? माणसं आहेत, पण नाव नाही. काय धाडस आहे! मरणाला नाव नसतं, हेच तर म्हणायचंय याला.”

दुसऱ्या परीक्षक एक वयस्क बाई होत्या. त्यांनी टिपण हातात घेतलं. “यात मात्र नावं कोरा असं लिहिलंय.”

“टिपण भाबडं आहे हो. कलाकाराला कुठे कळतं आपण काय करून बसलोय ते! हे असंच बांधायचं. एक्केचाळीस दगड, कोरे.”

तिसऱ्या परीक्षकांनी मान डोलावली. ती ते सकाळपासूनच डोलावत होते.

साहेब तर खूशच झाले. “कोरं सोयीचंही आहे, सर. वरून कुणाचा आक्षेप यायला नको.”

कोपऱ्यात नोंदी घेत बसलेल्या बाई उठल्या. “साहेब, निकालानंतर पट्ट्या काढायचं ठरलंय.”

“ठरलं नव्हतं,” साहेब हसत म्हणाले. “बोलणं झालं होतं.”

बाईंच्या डोक्यात सणक गेली. चौतीस वर्षांत त्या या खोलीत कधी मोठ्याने बोलल्या नव्हत्या. आज त्यांना ओरडायचं होतं, टेबलावरचा पाण्याने भरलेला जग भिंतीवर आपटायचा होता. या माणसांनी आधी दादाला मारलं, मग तो नव्हताच म्हणून लेखी कळवलं आणि आता त्याच्या नसण्याला वा वा करून पहिला नंबर देत होते! आणि ती पट्टी कुणी लावली होती? आपण. फूटपट्टीने मापून.

त्या नकाशापाशी गेल्या आणि पहिल्या पट्टीच्या कोपऱ्याखाली नख घातलं.

“बाई! काय चालवलंय?”

“कोरं नाहीये ते.” बाई शाई निघणार नाही अशा बेताने पट्टी सोलत होत्या. “मरणाला नाव नसतं म्हणे. मरणाला नसेल, मेलेल्याला असतं. हे घ्या, वाचा.”

“हात काढा! प्रवेशिका बाद होईल अशाने!”

“होऊ दे. नियम नऊ. टिपणातही तेच लिहिलंय, नावं नसतील तर बांधू नका.”

मुख्य परीक्षक मागे सरकले. पुस्तकात छापून येणाऱ्या माणसाला असल्या प्रसंगांची सवय नसते. साहेबांचा चेहरा लालभडक झाला, पण बाहेरच्या माणसांदेखत एका कारकूनबाईचा हात धरणार कसा? एक्केचाळीस पट्ट्या निघेपर्यंत सगळे तसेच उभे होते. निघालेल्या पट्ट्या बाईंच्या बाहीला चिकटून लोंबत होत्या.

“झालं समाधान?” साहेब दातओठ खात म्हणाले. “आता बाद करा आणि चालत्या व्हा. चौकशी लावतो तुमची.”

“चौकशी लावा. पण बाद करायचं तर रीतसर करू.” बाईंनी कपाटातून बाद नोंदवही काढून टेबलावर ठेवली. बाद झालेला एक स्पर्धक मागे सहा वर्षं कोर्टात भांडला होता. तेव्हापासून कोर्टाच्या हुकुमाने ही वही ठेवावी लागे आणि ती कधीही नष्ट करायची नसे.

“‘नावे आढळली’ एवढं लिहा आणि संपवा.”

“तसं चालत नाही, साहेब. पहिल्याच पानावर छापलंय. आक्षेपार्ह मजकूर जसाच्या तसा उतरवायचा. खाली तुमची आणि तिन्ही परीक्षकांची सही.”

साहेबांना आता कुठे उमगलं. त्यांनी वहीकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं. “राहू दे,” ते घाईने म्हणाले. “बाद नको. पट्ट्या परत लावा.”

“मी पाहिलीत नावं,” वयस्क परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या. “न पाहिल्यासारखं मला करता यायचं नाही. नियमाने बादच आहे ही. लिहा हो तुम्ही, मी वाचते.”

आणि त्या चष्मा लावून वाकल्या. आधी नकाशावरचा मथळा, ‘चाचणीनंतर ट्रक धुणारे कामगार’. मग नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बाई लिहीत होत्या. सावकाश, सुवाच्य, एका ओळीत एक. मुख्य परीक्षकांनी दोनदा घड्याळ पाहिलं. “अजून किती?” त्यांनी विचारलं.

विसाव्यानंतर परीक्षक बाईंनी पुढचं नाव वाचलं आणि पेन थांबलेलं पाहून विचारलं, “परत वाचू?”

“नको,” बाई म्हणाल्या. “येतं मला. भाऊ आहे माझा.”

बाईंनी दादाचं नाव लिहिलं, त्यापुढे आपल्याच वडिलांचं लिहिलं आणि म्हणाल्या, “हं, पुढे.”

सह्यांच्या वेळी साहेबांचा हात अडला. “ही माणसं आपल्या कुठल्याच नोंदीत नव्हती,” ते पुटपुटले.

“आता आहेत. इथे करा सही. तारीखही घाला.”

जाताना बाईंनी कपाटातलं एकशे चौदा नंबरचं पाकीट परतीच्या टपालात ठेवलं, न उघडता; वर नुसता टपालपेटीचा नंबर होता. बाद झालेल्याचं पाकीट उघडायचं नसतं. आत कुणाचं नाव होतं, कुणाचा मुलगा की नात, ते त्यांना कधी कळणार नव्हतं. त्याच्या हातातोंडाशी आलेला पहिला नंबर आपण घालवला, हे काही मनातून जाईना. त्याने शिव्या दिल्या तरी बाई ऐकून घेणार होत्या.

घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण व्हायची होती. चपला काढता काढताच त्या म्हणाल्या, “वहिनी, दादा सरकारी नोंदीत आला.”

“कसल्या?”

“बाद झालेल्यांच्या.”

वहिनी हसल्या नाहीत आणि रडल्याही नाहीत. “खाली सही आहे?”

“चार आहेत. एक आमच्या साहेबांची.”

“वहीचा नंबर? पान?”

“वही तिसरी. पान दोनशे सात.”

वहिनींनी टेबलावरची भांडी एका बाजूला सारली, ओल्या फडक्याने टेबल पुसलं, मग कोरड्याने पुसलं. आतून कागद आणून त्यांनी बाईंच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः समोर बसल्या.

“लिहा, वन्सं. चौथा अर्ज. या वेळी रडगाणं नको, रक्ताबिक्ताचं काही लिहू नका. पान नंबर घाला आणि एवढंच विचारा, ही सही तुमच्या माणसाची आहे की नाही.”

बाईंनी कागदाला समास पाडला आणि वर तारीख घातली.