तेजरामला थांबवणारा सांधा

मी एक जुना सांधा आहे. गुडघ्यातला नव्हे हो! भिलाईच्या तेजरामच्या मेंदूत, कपाळामागच्या थरात, मी दोन पेशींना जोडतो. तिथे माझे असंख्य भाऊबंद आहेत. पाय पुढे पडण्याआधी ‘थांब’ हा निरोप पोचवणं, हे आमचं काम.

मित्रांनो, मी जन्मतः बळकट नव्हतो. तेजराम गोंदियाकडून येऊन पोलाद कारखान्यात लागला आणि तिथल्या रुळांनी मला घडवलं. त्यांवरून वितळलेल्या लोखंडाची गाडी जाई. रूळ ओलांडण्याआधी जोडीदार विचारायचा, "लाइन क्लियर?" दोन्हीकडे पाहिल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, असा रिवाज होता. रोजच्या सरावाने मी मजबूत झालो. "तेजराम कधी घाई करत नाही," असं सगळे म्हणत. ते कौतुक खरं तर आमचं होतं बरं का!

मग तो निवृत्त होऊन भिलाईजवळच्याच जुनवानीत राहू लागला. मुलगा कमलेश गुणाचा. "बाबा, तुमी बसा. मी करून राहिलो ना!" म्हणून दूध-भाजी सगळं तोच आणी. मायेपोटीच हो, पण मला कोणी हाकच मारेना. त्यात वय झालं, झोप मोडली. माझी पकड सुटत गेली. तेजराम मनात येईल ते बोलू लागला, उकळता चहा तसाच तोंडाला लावू लागला. "बुढ्ढा सटकला," लोक म्हणत. मला ते फार लागायचं.

परवा तो बायकोसोबत, बेबीताईंसोबत, सुपेल्याच्या चौकात उभा होता. पलीकडे गरम जिलेबी दिसली आणि तो निघालाच. डावीकडून ट्रक भरधाव येत होता. मी जीव तोडून निरोप धाडला, पण तो अर्ध्या वाटेतच विरला. बेबीताईंच्या हातून त्याची बाही निसटली.

"अजी, थांबा!"

त्याला ऐकूच गेलं नाही. मग त्याच्याच तोंडून कैकदा ऐकलेला कारखान्यातला प्रश्न त्या सगळा जीव एकवटून ओरडल्या, "लाइन क्लियर?"

तेजरामचा पाय जागच्या जागी अडला. ती जुनी सवय अजून शाबूत होती. आम्ही सारे एकदम जागे झालो. त्याने डावीकडे पाहिलं. ट्रक नाकासमोरून गेला.

"नाही," तो पुटपुटला. "थांब वो. गाडी येऊन राहिली."

बेबीताई भर चौकात रडल्या.

मित्रांनो, मी पहिल्यासारखा होईन की नाही, कुणास ठाऊक. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नुसतं बसवून ठेवू नका. त्याला काम सांगा, त्याच्यासोबत चाला. आता दूध आणायला बेबीताई त्यालाच नेतात आणि गल्लीच्या तोंडाशी तोच प्रश्न विचारतात. उत्तर यायला वेळ लागतो. तोवर त्या त्याचा हात सोडत नाहीत.