खाल आणि गुक्सू

हल्ली आमच्याकडे दहशत पसरवायला बॉम्ब लागत नाही, अंगठा पुरतो. कुणीतरी रिकामटेकडा खोलीत लोळत फोनवर लिहितो की अमक्या स्टेशनवर सुरी घेऊन येतोय, आणि अख्खं शहर घामाघूम. बरं, हसावं तर तेही जमत नाही, कारण शेजारच्या शहरात एकाने लिहिलं तसं करूनही दाखवलं होतं. तेव्हापासून पोलिसांचं यंत्र सगळ्यांचं लिखाण चाळत बसलेलं असतं.

आणि नेमक्या ह्या दिवसांत आमच्या ह्यांना जाहिरात करायची हौस आली.

स्टेशनसमोर माझं खालगुक्सूचं दुकान उघडायचं होतं. 'खाल' म्हणजे आमच्याकडे सुरी, 'गुक्सू' म्हणजे शेवया. कणीक लाटायची, सुरीने कापायची आणि शिंपल्यांच्या रश्श्यात सोडायची. मी म्हटलं, पत्रकं वाटू. पण आमचे हे, बोंग-सिक, रिटायर झाल्यापासून फोनमध्ये नको तितके हुशार झालेत. वस्तीच्या ग्रुपवर त्यांनी रात्री लिहिलं, 'उद्या दुपारी स्टेशनसमोर येईल त्या प्रत्येकाला खाल', आणि बोट घसरून तेवढंच गेलं. पुढचं 'गुक्सू फुकट' लिहायच्या आत बॅटरी संपली. फोन चार्जिंगला लावून महाशय आडवे झाले.

सकाळी त्यांना जाग आली तेव्हा उशाशी ढाली घेतलेले पोलीस होते. बनियनवरच नेलं बिचाऱ्यांना, आणि पुरावा म्हणून माझ्या सासूबाईंची सुरीही नेली. स्टेशन बंद केलं. माझ्या दुकानापुढे चिलखती गाडी येऊन उभी राहिली आणि उद्घाटनाला आलेली फुलं पोलिसांच्या कुत्र्याने हुंगून हुंगून विस्कटली. टीव्हीवर आमची शेजारीण सांगत होती की बोंग-सिक पहिल्यापासूनच फार शांत, म्हणजे कसं, जरा जास्तच शांत. मेलीने माझ्याकडून आयुष्यभर किमची नेली आहे.

ठाण्यात इन्स्पेक्टर मो म्हणाले, संध्याकाळी ह्यांना मोठ्या तुरुंगात पाठवणार. शेवयांची गोष्ट त्यांना पटत नव्हती. पकडलेला प्रत्येकजण काहीतरी सांगतोच, कालचा म्हणे सफरचंद कापणार होता. माझं डोकंच फिरलं. घरी गेले, मळलेली कणीक होतीच, हाताने तोडून रश्श्यात टाकली आणि पातेलं नेऊन त्यांच्या टेबलावर आदळलं. म्हटलं, हा घ्या तुमचा दहशतवाद.

मो साहेबांनी चमचाभर चाखलं आणि गंभीर झाले.

"काकू, ही तर सुजेबी आहे. जबाबात खालगुक्सू लिहिलंय."

चूक नव्हतं त्यांचं. कणीक सुरीने न कापता हाताने तोडली की तिची सुजेबीच होते.

"सुरी तुमच्या कपाटात," मी म्हटलं, "मग कापू कशाने? दातांनी?"

शेवटी त्यांनी सील तोडून सुरी काढली. दोन पोलीस ढाली धरून माझ्या दोन्ही बाजूंना उभे राहिले आणि मी इन्स्पेक्टरच्या टेबलावर कणीक लाटून कापायला लागले. शेवया सरळ पडल्या. तिथल्याच शेगडीवर शिजवल्या. सकाळपासून बंदोबस्ताला उपाशी उभं असलेलं अख्खं ठाणं जेवलं. दोन वाट्या झाल्यावर मो साहेबांनी ह्यांना कोठडीतून आणून शेजारी बसवलं, आणि मला रडूच आलं.

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. यंत्राचा इशारा होता, पूर्वेच्या मंडईत कुणीतरी 'खाल' घेऊन येतोय.

मो साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. म्हणाले, अजून एखादं दुकान उघडत असेल. सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले.

बोंग-सिक तेवढे हसले नाहीत. त्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"साहेब, उठा," ते म्हणाले. "शेवया माझ्या होत्या. त्याच्याही असतीलच असं नाही."

मो साहेबांनी मान डोलावली, वाटीत उरलेला रस्सा शांतपणे पिऊन संपवला आणि मग टोपी शोधायला लागले.