माझ्यात नसलेला कुत्रा

मी एक जुने पुस्तक आहे, त्यातून विनोदी. म्हणजे मान कमी आणि हाताळणी जास्त. पुठ्ठे सैल झाले आहेत, शिवण उसवली आहे, पण मित्रांनो, माझी तक्रार नाही.

माझा जन्म कागदावर झालाच नाही. मला लिहिणारी बाई एका कचेरीत कामाला होती आणि घरी तिच्या हातून रोज काही ना काही घोटाळा व्हायचा. एकदा टॉवेल गुंडाळलेली ती बाल्कनीत अडकली. भाचीच्या वाढदिवसाला केलेला केक सुरीने कापला जाईना, म्हणून शेजाऱ्यांची करवत आणावी लागली. दर रविवारी ती असा एक किस्सा ब्लॉगवर लिहायची आणि खाली काडीसारख्या हातापायांचे स्वतःचे चित्र काढायची. लोक हसून हसून बेजार झाले, तेव्हा एका प्रकाशकाने ते सारे एकत्र करून छापले. एकशे बारा पाने आणि पानोपानी चित्र. त्या चित्रांचा मला भारी गर्व होता.

मला विकत घेतले ते बस आगारात चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या एका सुनेने. तिचे सासरे जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले होते. ती त्यांना बाबा म्हणे. बाबांचा एक डोळा आधीच अधू होता, दुसऱ्याचे नुकतेच ऑपरेशन झाले होते आणि पंधरा दिवस पट्टी राहणार होती. नंतर कुंचला धरता येईल का, याची खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहत. सुनेशी बोलणे "चहा ठेवलाय" आणि "बरं" एवढेच. तिला ते बघवेना. कामावरून आली, की ती मला घेऊन त्यांच्या खाटेशी बसू लागली.

पहिला किस्सा ऐकून बाबा हसले नाहीत. विचारले एवढेच, "चित्र कसं आहे?"

"बाल्कनीत बाई उभी आहे, टॉवेल धरून."

"आणि मागे?"

मागे नुसता कोरा कागद होता. पण जन्मभर रंगात हात बुडवलेल्या माणसाला तसे सांगायला तिची जीभ रेटेना.

"मागे एक कुत्रा आहे," ती म्हणाली. "एक कान उभा, एक पडलेला. बाईकडे बघून हसतोय."

बाबा खुदकन हसले.

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्यात कुत्रा औषधालाही नाही. पण दुसऱ्या दिवशी बाबांनी किस्सा सुरू होण्याआधीच विचारले, "आज कुत्रा काय करतोय?" मग काय, भटाला दिली ओसरी! कुत्रा पानोपानी शिरला. केक हुंगून तो बेशुद्ध पडला. बाईचा चष्मा लावून पेपर वाचू लागला. बाबा पोट धरून हसायचे, सांगता सांगता सून हसायची आणि तिच्या मांडीवर मी गदगदा हलायचो. खरे सांगायचे तर मलाही दुपारपासून तिची वाट बघायची सवय लागली.

पट्टी सुटायचा दिवस आला, तसे सुनेच्या तोंडचे पाणी पळाले. बाबांना खोटेपणाची चीड. रंगात भेसळ केली म्हणून त्यांनी जुन्या भागीदाराशी कायमचे बोलणे सोडले होते. दिसत नव्हते म्हणून हिने आपल्याला लहान पोरासारखे खेळवले, असे त्यांना वाटले तर? सकाळी तिने मला कपाटात चादरींखाली दडवले, मग पुन्हा काढून टेबलावर ठेवले.

दवाखान्यातून आल्या आल्या बाबांनी मला उचलले. डोळा लाल होता, पण दिसत होते. मला नाकाशी धरून त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळले. मग शेवटापासून पहिल्यापर्यंत.

"कुत्रा कुठाय?"

"नाहीये, बाबा. मीच रचला," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "मागे काहीच नव्हतं. ते मला सांगवेना."

बाबांनी मला फटकन मिटले. मला वाटले, आता आपण खिडकीबाहेर जातो. पण त्यांनी फळीवरून रंगाचा डबा काढला, बारीक कुंचला काळ्या रंगात बुडवला आणि बाल्कनीचे पान उघडले.

"कुठला कान उभा होता? डावा की उजवा?"

"डावा."

पहिली रेघ थरथरली आणि वाकडी गेली. तिचे त्यांनी शेपूट केले. दुसरी सरळ आली. तिसरीही सरळ आल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ते ऑपरेशनमुळे येतेय, असे बाबा म्हणाले आणि आम्ही दोघांनीही ते मान्य केले.

आता रोज संध्याकाळी ती सांगते आणि ते काढतात. "पोट एवढं मोठं नव्हतं, बाबा." "तुला काय कळतंय? रोज केक खातो तो." चाळीस पाने झाली आहेत. पुस्तकावर रेघोट्या ओढू नयेत, हे मलाही ठाऊक आहे. पण माझी जुनी चित्रे त्या कुत्र्याच्या संगतीत जास्त खुलून दिसतात, हे कबूल केलेच पाहिजे.

मित्रांनो, मला खुशाल वाचा, मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्याला दिसत नसेल, तर चित्रेही सांगा. कोपरे मात्र दुमडू नका. आणि एक्केचाळिसाव्या पानावरून बोट फिरवू नका, तिथला कुत्रा अजून ओला आहे.