दातांवरची साय

द्वारकाबाईंनी साडीच्या फॉलचा शेवटचा टाका घातला, गाठ मारली आणि सवयीनं दोरा पुढच्या दातांत धरून हिसका दिला. दोरा जागच्या जागी राहिला. दाताचा टवका मात्र तुटून साडीवर पडला.

डाळीतला खडा उचलावा तसा त्यांनी तो चिमटीत उचलला आणि समोर बसलेल्या लेकीच्या तळहातावर ठेवला.

"बघ. तुझ्या कामाचा हाय का?"

अनसूयेला हसता आलं नाही. दंत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती लाळेवरच काम करायची. लाळेतली प्रथिनं दाताच्या वरच्या कठीण थराला कशी चिकटतात आणि त्याला कशी राखतात, हा तिचा अभ्यास. गल्ली तिला थुंकीवाली मॅडम म्हणायची, आणि हे नाव सगळ्यात जास्त मिरवलं ते द्वारकाबाईंनीच. फॉल लावायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या ऐकवायच्या, माझ्या लेकीनं थुंकीत पदवी घेतलीय म्हणून.

तोरा त्यांना स्वतःच्या दातांचाही होता. फुलंब्रीला माहेरी होत्या तेव्हापासून त्या मिश्री लावत आल्या होत्या. तव्यावर भाजलेल्या तंबाखूनं दात घट्ट राहतात, ही आईकडून आलेली समजूत. दात घट्ट राहिलेही. कॅन्सर झाला तो गालाला, आतून.

किरणांच्या उपचारानं रोग हटला, पण लाळेच्या ग्रंथीही जळाल्या. तोंडाला कोरड पडली ती कायमची. उपचाराआधी डॉक्टरांनी दाढा काढल्या आणि पुढचे दातही काढून टाकू म्हणाले. अनसूया अडून बसली. पुढचे राहू द्या, ते मी सांभाळते, असं तिनं छातीठोकपणे सांगितलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती आईच्या दातांना औषध लावत होती, आणि दात हिरड्यांपाशी मऊ होतच होते. आता ते काढण्याचीही सोय उरली नव्हती. किरणं लागलेल्या जबड्यातली जखम भरून येईल याची खात्री कोणीच देत नव्हतं.

द्वारकाबाईंनी कात्रीनं दोरा कापला. कात्री त्यांना कधी आवडली नव्हती. हाताला उगाच एक काम वाढतं, म्हणायच्या.

"ते सायीचं काय सांगत व्हतीस तू?"

"दुधावर धरते तशी दातांवर एक साय धरते, माय. थुंकीतूनच. दिसत नाय एवढी पातळ. दात घासले की जाते, लगेच परत धरते. आंबट काही खाल्लं तर आधी तिला झोंबतं, मग दाताला."

"अन् माझी धरंना."

"दूधच नाय तर साय कशाची धरणार?"

बोलून गेल्यावर अनसूयेला स्वतःच्या जिभेचा राग आला. द्वारकाबाईंना मात्र त्यात वावगं काही वाटलं नाही. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, तोंडात घोळवला आणि विचार करून म्हणाल्या,

"विरजण लावून बघ की."

"म्हंजे?"

"दही न्हाई का लावत आपण? तुझ्या तोंडातलं चमचाभर माझ्या तोंडात. धरंल हळूहळू."

यावर पुस्तकातलं उत्तर तिला पाठ होतं. लाळ घटकेघटकेला नवी झरावी लागते, उसनी आणून पुरत नाही. पण आईच्या डोळ्यांत खरोखरची आशा होती. त्या आशेपुढं अनसूयेला आपलं शिक्षण कवडीमोलाचं वाटलं.

"नाय धरत, माय," ती म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "तुझी काढलेली दाढ मी ठेवलीय प्रयोगशाळेत. तिचे दोन तुकडे केले. एक नुसता आंबात, म्हंजे ॲसिडात टाकला, तो खडूसारखा झाला. दुसरा आधी माझ्या थुंकीत ठेवला, मग आंबात."

"मग?"

"आज सकाळी बघितला. लखलखीत हाय."

द्वारकाबाईंनी हातातली साडी घडी करून बाजूला ठेवली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "एक तरी सुखात हाय."

त्यांनी दुसरी साडी मांडीवर घेतली. दोऱ्याचं टोक विसकटलेलं होतं. ते ओठांत धरून ओलं करायला हात आपोआप वर गेला, कोरड्या ओठांना लागला आणि परत आला. त्यांनी टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं. पाण्यानं धागे उलट फाकले. सुईच्या नाकाशी त्यांनी परत परत खटपट केली. पाण्यात चिकटपणा का नसतो, हे अनसूयेला नेमकं ठाऊक होतं.

द्वारकाबाईंनी दोरा तिच्यापुढं धरला.

"आण, मी ओवते."

"ओवायला डोळे हायेत मला. नुसतं वलं कर."

अनसूयेनं टोक जिभेवर ठेवलं, ओठांत पिळलं आणि परत दिलं. धागे एकमेकांना घट्ट चिकटले होते. दोरा पहिल्या झटक्यात सुईत गेला.

द्वारकाबाई टाके घालत राहिल्या. फॉलची एक बाजू संपली तशी त्यांनी गाठ मारली. कात्री गुडघ्यापाशीच पडली होती. तिच्याकडं न बघता त्यांनी साडीचा काठ उचलून लेकीच्या तोंडाजवळ नेला.

अनसूया पुढं वाकली आणि दोरा दातांत धरला.

"हळू," द्वारकाबाई म्हणाल्या. "दात हायेत ते."